तृप्ती मजेत आहे

मालदीव,
१६ फेब्रुवारी २००३

ती. सिंधुताईंस,
आशाचा नमस्कार.

पोहोचले. परवा फोनवर तुम्ही "ऐकू येत नाही" म्हणत होतात आणि मी "पोहोचले, पोहोचले" ओरडत होते, तेवढ्यात फोनचं कार्ड संपलं. तसंही कुसाबाईंच्या दुकानात दहा गिऱ्हाइकांसमोर तुम्ही काय बोलणार आणि मी काय ऐकणार. त्यापेक्षा पत्र बरं.

त्रिवेंद्रमहून विमान, मग मालेहून दहा तास बोट. बोटीत सबंध वेळ मी ओकत होते. बेट एवढंसं आहे, की आपल्या सटाण्याच्या स्टँडवरून निघून आरम नदीपर्यंत चालावं, तेवढ्यात ते संपतं. मग पुन्हा समुद्र. इथे माती नाही, ताई. नुसती पांढरी वाळू. शेत नाही, डोंगर नाही, गाय नाही. माणसं चांगली आहेत, पण सकाळच्या न्याहारीपासून मासळी. ग्रेसी नावाच्या केरळच्या शिक्षिकेबरोबर एका खोलीत राहते. ती मासळी शिजवते तेव्हा मी खिडकीपाशी जाऊन लोणचं-भात खाते. भाजी आठवड्यातून एकदा बोटीने येते. परवा कांद्याच्या गोणीवर लासलगावचं नाव दिसलं. मी दुकानदाराला कौतुकाने सांगायला गेले, की हे माझ्या जिल्ह्यातलं गाव. त्याला वाटलं, मला सगळी गोणी हवी आहे.

मला तिसरी आणि नववीची इंग्रजी दिली आहे. तिसरीच्या पुस्तकात 'हिल' हा शब्द आला. या पोरांनी टेकडी पाहिलेलीच नाही. मी फळ्यावर आपला साल्हेर काढला, तर एक म्हणाला कासव, दुसरी म्हणाली लाट. मी हात वर करून, टाचा उंचावून दाखवत राहिले. तास संपला, पण टेकडी काही झाली नाही. शिवाय माझे उच्चार. मागच्या बाकांवर खुसखुस होते. दहा वर्षं इंग्रजी शिकवली म्हणून इथे आले आणि इथे मला रोज वाटतं, मला इंग्रजी येत नाही.

किशोर गेले तेव्हा तृप्ती दीड वर्षाची होती. त्यानंतर घर तुम्हीच धरून ठेवलंत. आमची तुकडी बंद पडून मी अतिरिक्त ठरले, आणि हा दोन वर्षांचा करार हाती आला, तेव्हाही तुम्हीच म्हणालात, "तू जा. माझ्या भावाची पोर मला जड नाही." त्या शब्दावर आले.

ती माझी आठवण काढते का? जेवते का? खरं खरं लिहा.

तुमची,
आशा


सटाणा,
१२ मार्च २००३

चि. आशास,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. मोठ्याने वाचून दाखवलं तर तृप्तीने कासवाचं दोनदा वाचायला लावलं.

तू खरं लिहायला सांगितलंस म्हणून लिहिते. तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवसापासून ती दुपारी साडेचारला ओट्यावर जाऊन बसायला लागली. नाशिकची गाडी त्या वेळी येते, तू शाळेच्या कामाला नाशिकला गेलीस की त्याच गाडीने यायचीस, ते तिने लक्षात ठेवलं. गाडीतून उतरलेली माणसं आपल्या गल्लीतून जातात. ती एकेका बाईकडे बघते. सगळे गेले की आत येते आणि म्हणते, "आज गर्दी होती, आईला जागा मिळाली नसेल." मी मशीनवर बसते आणि ब्लाउज शिवते.

जेवते, पण पोळी तू करायचीस तशी तिच्या समोर फाडून दिली तरच. तुझी निळी साडी तिने कपाटातून ओढून घेतली आहे, ती पांघरून झोपते. मी धुवायला काढली तर लय रडली. वास जाईल म्हणाली.

एवढं सोडलं तर बरं आहे. तू मासळी खायची सवय कर. अंगात ताकद नसेल तर शिकवशील कशी.

तुझी ताई,
सिंधू


मालदीव,
९ एप्रिल २००३

ती. सिंधुताईंस,
नमस्कार.

तुमचं पत्र शाळेत मिळालं आणि मी मूर्खासारखं मधल्या सुट्टीतच फोडलं. साडीचं वाचलं आणि पुढे तिसरीचा तास होता. फळ्याकडे तोंड करून तारीख लिहिली, विषय लिहिला, मग लिहायला काही उरलं नाही तरी मी वळलेच नाही. मुलं आधी हसली, मग गप्प झाली. कुणीतरी हेडमास्तरांना बोलावून आणलं. भला माणूस आहे. खुर्ची दिली, पाणी दिलं. मी विचारलं, "मला परत जाता येईल का?" ते म्हणाले, "मिस, वर्ष पुरं केल्याशिवाय नाही. पासपोर्ट मालेच्या ऑफिसात आहे, माझ्या हातात काही नाही." आणि गेले तरी कुठे जाणार? नाशिक जिल्ह्यात माझ्यासाठी कोणती शाळा जागा अडवून बसली आहे?

संध्याकाळी बोटींच्या धक्क्यावर बसले. समोर पाणी, मागे पाणी. मला पोहता येत नाही. इथे मला काहीच येत नाही.

ताई, रागावू नका. मीच म्हटलं होतं खरं लिहा. आता मीच सांगते, असं लिहू नका. मला इथून तिच्यासाठी काही करता येत नाही आणि ते कळून मी वर्गात उभी राहू शकत नाही. ती बरी आहे, जेवते, खेळते, एवढंच लिहा. त्यातलं काही खरं नसलं तरी चालेल.

तुमची,
आशा


सटाणा,
५ मे २००३

चि. आशास,
आशीर्वाद.

तुझं म्हणणं कळलं. पुन्हा तसं लिहिणार नाही.

तृप्ती मजेत आहे. कुसाबाईच्या नातींबरोबर दिवसभर खेळते. वजन वाढलं. काळजी करू नकोस.

ऊन लय पडलं आहे. लग्नसराईचे ब्लाउज भरपूर आले आहेत.

तुझी ताई,
सिंधू


मालदीव,
२० जानेवारी २००४

ती. सिंधुताईंस,
नमस्कार.

काल परत बेटावर आले. ग्रेसी विचारत होती, सुट्टी कशी गेली. मी "छान" म्हटलं आणि बॅग उघडायला बसले.

तीन आठवडे मी घरी होते आणि तुम्हाला मोकळेपणाने काही बोलले नाही. आता बोलते. ओट्यावर पाय ठेवला तेव्हा ती तुमच्या मागे गेली. मी समजू शकते, अकरा महिने झाले होते. पण दुसऱ्या आठवड्यातही तीच गत. देवमामलेदारांच्या यात्रेत मी तिला पाळण्यात घेऊन बसले. पाळणा वर गेला तशी ती ओरडायला लागली, "आत्या! आत्या!" तुम्ही खाली उभ्या होतात, हात हलवत. मी तिला घट्ट धरलं होतं, ताई, आणि ती माझ्या हातातून खाली तुमच्याकडे वाकत होती. पाळणेवाल्याने मशीन थांबवलं. लोक बघत होते.

निघायच्या आदल्या दिवशी मी तिची वेणी घालत होते. तिने विचारलं, "तू कधी जाणार?" मी म्हटलं, "उद्या." ती "बरं" म्हणाली आणि रिबीन माझ्या हातात दिली.

माझी तक्रार नाही. तुम्ही तिला जीव लावलात म्हणूनच ती उभी आहे. पण मी कशासाठी इथे आहे हे मला कळेनासं झालंय. तिच्यासाठी आले, आणि तिला माझी गरज उरली नाही.

ती आता माझ्याविषयी काही बोलते का?

तुमची,
आशा


सटाणा,
१८ फेब्रुवारी २००४

चि. आशास,
आशीर्वाद.

पत्र पोचलं. मनाला लावून घेऊ नकोस. लहान पोर, जे समोर दिसतं ते तिचं.

ती तुझ्याविषयी फारसं बोलत नाही. रमली आहे. तू गेल्यावर एक दिवस जरा गप्प होती, मग काही नाही. तिच्या दृष्टीने चांगलंच आहे, नाहीतर झुरली असती. जूनमध्ये पहिलीत घालते आहे, नगरपालिकेच्या शाळेत. दप्तर मीच शिवलं.

तू तिकडचं काम नीट कर. इकडे तृप्ती मजेत आहे.

तुझी ताई,
सिंधू


मालदीव,
१४ ऑक्टोबर २००४

ती. सिंधुताईंस,
नमस्कार.

बरेच महिने लिहिलं नाही. शुक्रवारी फोन करते तेव्हा तृप्ती रिसीव्हर कानाला लावून नुसता श्वास घेते. मीही मग "अभ्यास कर" म्हणून ठेवते.

माझं आता इथे बस्तान बसलं. मासळी खाते, हे ऐकून तुम्हाला नवल वाटेल. आमच्या घरमालकाची म्हातारी आई रोज सकाळी गरम रोशी आणून देते. आपल्या पोळीसारखीच असते, जरा जाड. तिला इंग्रजी येत नाही, मला तिची भाषा येत नाही. ती माझ्या कपाळावर बोट ठेवून काहीतरी विचारते, बहुतेक, टिकली का लावत नाहीस. मी हसते. तीही विधवाच आहे, पण मी ते सांगितलेलं नाही. मला इथे कुणी त्या नावाने ओळखत नाही, ते बरं वाटतं.

नववीतली आमिनाथ म्हणून मुलगी आहे. वर्षाच्या सुरुवातीला तिला एक सरळ वाक्य लिहिता येत नव्हतं. आता निबंधात ती माझ्याशी वाद घालते. उद्यापासून रोजे सुरू होतील, शाळा लवकर सुटेल.

एक सांगायचं होतं. या डिसेंबरात मला रजा मिळत नाहीये. दहावीला जाणाऱ्या मुलांचे जादा तास घ्यायचे आहेत. विनंती केली, पण नाही म्हणाले. करार संपल्यावर जानेवारीअखेर एकदमच येईन. तृप्तीला सांगा. किंवा नका सांगू, तुम्हाला योग्य वाटेल तसं.

तुमची,
आशा


सटाणा,
१० नोव्हेंबर २००४

चि. आशास,
आशीर्वाद.

रजा नाही म्हणतात तर तू तरी काय करणार. तृप्तीला सांगितलं. दिवाळीचा फ्रॉक शिवला, पिवळा. मजेत आहे.

तुझी ताई,
सिंधू


सटाणा,
२८ डिसेंबर २००४

आशा,

हे पत्र मी कुणाला लिहिते आहे, मला माहीत नाही. तू आहेस की नाहीस तेच कळत नाही. दोन दिवस झाले. कुसाबाईच्या दुकानातून तुझ्या बेटावर फोन लावतो तर नुसता टूं टूं आवाज येतो. तुझ्या जुन्या शाळेचे हिरामण सर दिल्लीला फोन लावतात. तिकडून सांगतात, नाव लिहून घेतलं आहे. टीव्हीवर सारखं त्या त्सुनामीचं, नागपट्टण आणि अंदमान. मालदीवचं नाव येतं आणि लगेच जातं.

रविवारी दुपारी पहिल्यांदा बातमी पाहिली तेव्हा तृप्ती माझ्याशेजारी तुरीच्या शेंगा सोलत होती. खाली पट्टीत मालदीव वाचलं. तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते तुला सांगते. दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही. मनात आलं, आता हिला माझ्याकडून कोणी नेणार नाही.

एक टाका घालायला लागतो तेवढाच वेळ. त्यानंतर मी उठून तुला फोन लावायला कुसाबाईकडे पळाले. पण आलं ते आलं. माझ्या भावाच्या बायकोच्या मरणाने मला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं, आशा. मी अशी बाई आहे.

आणखी आहे. तू रजा नाही म्हणून थांबलीस. पण रजा मिळाली असती तर तू आली असतीस का? मी तुला लिहीत राहिले, ती तुझं नाव काढत नाही. ती रोज काढते. एक दिवस चुकलेला नाही. या जानेवारीत तू गेलीस तेव्हा ती चार दिवस तापाने फणफणली होती. "तू कधी जाणार" म्हणून तिने विचारलं, ते तू जाऊ नयेस म्हणून. मला ती म्हणाली होती, "आई जायचा दिवस सांगतच नाही, मी विचारते." यात्रेतल्या पाळण्यात ती उंचीला घाबरली होती, तुला नाही. हे मी तुला त्याच दिवशी सांगू शकले असते. मी तोंड उघडलं नाही. आपल्याला कोणीतरी एवढ्या लोकांत हाक मारली, हेच मला पुरलं.

पहिलीत अक्षरं आल्यापासून ती तुला पत्रं लिहिते. मोडकीतोडकी. "आई ये" आणि खाली नाव. सात पत्रं झाली. पोस्टात टाकते म्हणून माझ्याकडे देते आणि मी मशीनच्या खणात ठेवते. कुसाबाईने एकदा पाहिलं. म्हणाली, "पोर मजामा शे म्हणी तू कसाले लिखस? तिनी मायले खरं सांग ना." मी तिच्याशी चार दिवस बोलले नाही.

मला दहा वर्षांत मूल झालं नाही म्हणून नवऱ्याने मला ओट्यावर आणून सोडलं, ते तुला माहीत आहे. मला सगळ्या आयुष्यात एवढं एकच मिळालं होतं, आणि तेही दोन वर्षांच्या बोलीवर. मी काय करायला पाहिजे होतं, मला खरंच कळत नाही.

तृप्ती मघाशी विचारत होती, पाणी किती उंच होतं. मी म्हटलं, गुडघ्याएवढं.

१ जानेवारी

आज तुझा फोन आला. तू "ताई" म्हणालीस आणि मला पुढचं काही ऐकू आलं नाही, कुसाबाईने रिसीव्हर घेतला. तिने तुझा मालेचा पत्ता लिहून घेतला. वरचं पत्र फाडून टाकावं असं वाटलं होतं. तसंच पाठवते आहे.

सिंधू


माले,
२२ जानेवारी २००५

ती. सिंधुताईंस,
नमस्कार.

तुमचं पत्र तीन दिवसांपूर्वी मिळालं. पहिल्या दिवशी मी तुमच्यावर इतकी चिडले, की ग्रेसी घाबरली. दुसऱ्या दिवशी ते सात कागद सोडून मला काही आठवेना. आज लिहिते आहे.

आधी इथलं सांगते. त्या रविवारी सकाळी शाळेत आमिनाथ आणि आणखी पाच मुलींचा जादा तास चालू होता. लाट वगैरे आलीच नाही. समुद्र नुसता चढला आणि आत आला, जसा काही दारातून माणूस यावा. बाकं तरंगायला लागली. पाणी छातीपर्यंत आलं. मी मुलींना बाहेर काढायचं तर मलाच पाय टेकता येईनात. आमिनाथने माझं मनगट धरलं. "मिस, होल्ड मी. डोन्ट लेट गो," म्हणाली. पंधरा वर्षांची मुलगी. ती मला पाण्यातून ओढत मशिदीच्या जिन्यापर्यंत घेऊन गेली; बाकीच्या मुली आधीच तिथे पोहोचल्या होत्या. मी तिची शिक्षिका. मी तिच्या खांद्याला लहान पोरासारखी लटकले होते.

आमच्या बेटावर चार माणसं गेली. रोशी देणारी म्हातारी त्यांत आहे. आमची खोली, कपडे, तुमची सगळी पत्रं गेली. आम्हाला बोटीने मालेला आणलं, एका शाळेत ठेवलं आहे. पासपोर्ट नुकताच करार संपतोय म्हणून ऑफिसने बेटावर पाठवला होता, तोही पाण्यात गेला. वकिलातीतून नवा कागद मिळेपर्यंत थांबायचं.

आता माझं ऐका. रजा मिळाली होती. मी ती घेतली नाही. "नाही म्हणाले" हे मी खोटं लिहिलं. तुमच्या पत्रांनी मी थांबले हे खरं, पण तेवढंच नाही. ती मला विसरली असं तुम्ही लिहायचात आणि मी रडायचे. रडून झाल्यावर मात्र मोकळं वाटायचं. इथे मी फक्त मिस होते. कुणाची सून नाही, कुणाची विधवा नाही, कुणी ओट्यावर वाट बघत नाही. खोटं तुम्ही लिहिलंत, पण मागितलं मीच होतं. एप्रिलमध्येच मागितलं होतं.

त्या क्षणाचं तुम्ही लिहिलंत, त्याचं मला काही करता येत नाही. माफ केलं असं लिहायला बसले होते. लिहिता येईना. पण तुम्ही ते पत्र पाठवलंत, आणि त्यामुळे मला परत यायची वाट दिसली, हेही तितकंच खरं आहे.

ते सात कागद पोस्टाने पाठवू नका. तिच्यासमोर वाचीन.

आशा


नाशिक,
२ जुलै २००५

ती. सिंधुताईंस,
नमस्कार.

आम्हाला इथे येऊन महिना झाला. पंचवटीत मेरी कॉलनीच्या पुढे दोन खोल्या आहेत, नळाला पाणी सकाळी येतं. माझी इंग्रजी शाळा चालत दहा मिनिटांवर. तृप्तीलाही तिथेच दुसरीत घेतलं.

तिचं काही नीट होत नाही, ताई. शाळेत सगळी मुलं मला मिस म्हणतात, म्हणून ती घरीही मला मिस म्हणते. "मिस, मला भूक नाही." मुद्दाम नाही म्हणत, हेच जास्त लागतं. मी परतले तेव्हा तिने ते कागद माझ्यासमोर नीट वाचले, एकेक अक्षर लावून. मला वाटलं होतं, आता सगळं झालं. पण ज्या आईला तिने ते लिहिले होते ती कुणी वेगळीच असावी. ती आई आली नाही, मी आले.

पुस्तकातली इंग्रजी तिला येत नाही. मी शिकवायला बसले की पेन्सिल खाली ठेवून भिंतीकडे बघते. तुमचं नाव काढून रडते, मग मी दुसऱ्या खोलीत जाते, कारण मला काय करावं सुचत नाही. परक्या देशात चाळीस परकी मुलं सांभाळली. इथे माझं एक मूल आणि मला तिच्यासमोर बसता येत नाही.

तुम्ही इकडे या. कायमच्या या. मशीन टेम्पोने आणू. रागाने बोलावत नाही, मनापासून बोलावते. माझ्याने एकटीने होत नाही.

तुमची,
आशा


सटाणा,
११ जुलै २००५

चि. आशास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं आणि मी त्याच दिवशी ट्रंक काढली. दोन लुगडी आणि तिचा पिवळा फ्रॉक आत ठेवला. मग फ्रॉक तिला आता होणार नाही हे लक्षात आलं, आणि पुढचं भरणं झालं नाही.

मी येत नाही, आशा. दिवाळीला तुम्ही दोघी या, आठ दिवस राहा. पण आता मी येणार नाही. मी आले तर ती संध्याकाळपर्यंत हसायला लागेल, पोटभर जेवेल, आणि तुला वाटेल झालं. मग तू पुन्हा मिस आणि हाक मारेल ती पुन्हा मला. मला ते आवडेल. लय आवडेल. म्हणून येत नाही.

ती रडायला लागली की तू दुसऱ्या खोलीत जाऊ नकोस. काही बोलायची गरज नाही. जवळ बसून राहा, गहू निवड, नाहीतर वह्या तपास. माझ्याकडे ती पहिले सहा महिने अशीच रडली, आणि मला तरी कुठे काय सुचत होतं? मी फक्त उठले नाही. पोळी अजून तिच्यासमोर फाडून दे. ती मोठी झाली म्हणेल, तरी दे. आणि तिला इंग्रजी एवढ्यात शिकवू नकोस. शाळेत दुसरी कुणी शिकवेल.

शुक्रवारी तुझ्याकडून फोन आला होता. कुसाबाईने दारातून दोनदा हाक मारली, "सिंधू, तृप्तीचा फोन शे, रडी राहिनी." मी ऐकलं. उठले असते तर तिच्याशी बोलले असते, आणि बोलले असते तर परवाच्या गाडीने आले असते. म्हणून मशीन जोरात चालवत बसले. कुसाबाई थोडा वेळ उभी राहिली आणि गेली. तिने फोन ठेवल्याचं कळलं तेव्हा मी पाय थांबवले. खाली पाहिलं तर सुईखाली कापडच नव्हतं.

तुझी ताई,
सिंधू